हजेरी

बोईसरच्या कंपनीने रजा नाकारली, तेव्हा सोबत काम करणारा कुंभवलीचा रामू भावेशला म्हणाला, “वहिनीला घेऊन तू जा रं बिनधास्त. माजी सुट्टीच हाय, तुजं कार्ड मारून तुज्या जागी मी जातो. मास्क लावल्यावर कोन वळखतंय?”

म्हणून भावेश आणि रूपल खाडीपलीकडच्या त्या महागड्या रिसॉर्टवर आले. दारातच दोघांचे मोबाइल कपाटात बंद झाले. शांतता हीच म्हणे तिथली चैन.

दुपारी बोईसरच्या बाजूला काळा धूर चढला आणि भावेश धक्क्याकडे धावला. होडी मागितली, तर ओहोटी लागलेली. मोबाइल मागितला, तर कपाटाची किल्ली मॅनेजरकडे आणि मॅनेजर पलीकडच्या काठावर. भरती येईपर्यंत तो त्या मऊ वाळूत नुसत्या येरझाऱ्या घालत राहिला.

संध्याकाळी मोबाइल हातात आले. कंपनीच्या ग्रुपवर मृतांच्या यादीत पहिलंच नाव भावेशचं होतं, खाली हार घातलेला त्याचा फोटोही.

आणि रूपलच्या मोबाइलवर रामूच्या बायकोचा मेसेज होता : “वहिनी, धीर सोडू नका. हे सकाळीच कुटंतरी बाहेर गेलेत, फोन लागत नाय. आले की लगेच तुमच्याकडं धाडते.”