टेबलावरचा पसारा

"शून्य वापर?" पाली भाषेच्या शब्दकोशांच्या कपाटावर चिकटवलेली लाल चिठ्ठी वाचून भालेराव सरांनी थंडपणे विचारले. "मुजावरबाई, निवृत्त झाल्यापासून मी रोज इथे बसून काय करतो, असे आपल्या समितीला वाटते? पंख्याचा वारा खातो?"

ग्रंथपाल मुजावरबाईंनी चष्मा काढला. "समिती माणसे मोजत नाही, सर. संध्याकाळी टेबलांवर राहिलेली पुस्तके आम्ही मोजतो आणि मग जागेवर लावतो. टेबलावर जे आले नाही, ते कोणी वाचले नाही. ते सोमवारी तळघरात जाणार."

"पण प्रत्येक ग्रंथ मी स्वतः जागेवर ठेवून जातो!"

"तेच तर! भिंतीवर एवढी मोठी पाटी आहे: वाचलेली पुस्तके टेबलावरच ठेवावीत."

"ती आळशी लोकांसाठी असावी, असा माझा समज होता." सर खुर्चीत बसले. आयुष्यभर जपलेल्या शिस्तीनेच त्यांच्या कोशांना तळघराची, पर्यायाने वाळवीची, वाट दाखवली होती.

"आजची मोजणी अजून व्हायची आहे," बाई हळूच म्हणाल्या.

ग्रंथालय बंद व्हायच्या वेळी त्या वाचनकक्षात आल्या. कोशांचे कपाट रिकामे होते. सगळ्या टेबलांवर ग्रंथ उघडे पडले होते आणि त्यांच्या मधोमध सर, पहिल्यांदाच पसारा केलेल्या गुणी मुलासारखे, अवघडून उभे होते.

"सगळे वाचलेत, सर?"

"प्रत्येकातला एक तरी शब्द पाहिला. खोटा वापर मी करणार नाही." त्यांचा हात नकळत जवळच्या कोशाकडे गेला. "एवढा एक जागेवर ठेवू?"

"खबरदार!" बाई म्हणाल्या आणि मोजू लागल्या.