निळी शाल वाळेपर्यंत

धाकट्याला एवढं शिकवलं, पण समोरच्याचा चेहरा बघून बोलावं हे काही त्याला कुणी शिकवलं नाही. मूर्तींच्या दुकानात बसायचं, रंग वाळेपर्यंत गिऱ्हाइकाला स्टूल द्यायचं, पाणी विचारायचं आणि गप्प राहायचं. काम एवढंच. पण दोन कान समोर दिसले की याचा वर्ग भरलाच.

आज स्टुलावर बसलेली बाई कोपऱ्यावरच्या इस्पितळातून आली होती. मनगटावर तिथली कागदी पट्टी तशीच. लेकीला दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली होती आणि ती काचेच्या पेटीत होती. पेटीजवळच्या खिडकीत लहानशी मूर्ती ठेवली तर चालेल, असं नर्स म्हणाली होती. बाईनं बाळ येशूला मांडीवर घेतलेली मरिया मागितली होती. हे सगळं सकाळीच धाकट्याच्या कानावर घातलेलं होतं. कानावर घातलं म्हणजे आत गेलंच असं नाही.

मागच्या खोलीत त्याची आई साचा उघडत होती. कारखाना तिचा. हात कोपरापर्यंत प्लास्टरनं पांढरे. मधल्या पडद्यातून तिला सगळं ऐकू येत होतं.

आधी धाकट्यानं येशूच्या जन्मावेळच्या ताऱ्याचं सांगितलं. असे तारे म्हणे याच्याआधी किती जणांसाठी उगवून गेलेत. मग बापाशिवाय झालेल्या बाळांचं: डोंगरापलीकडे एक, समुद्रापलीकडे एक, वाळवंटात एक. मग बाळाच्या जिवावर उठलेल्या राजांचं, आणि बाळाला झाकून पळवून नेणाऱ्यांचं. जुन्या जुन्या देवांच्या गोष्टी त्याच, नावं तेवढी बदलली, असं तो हसत हसत सांगत होता. मनात वाईट काही नाही. पुस्तकातलं त्याला गोड लागतं, आणि गोड वाटून खायची सवय घरचीच.

बाई नुसतं "हो का," म्हणत होती.

"लांब कशाला जाता," तो म्हणाला, "हीच बघा ना. साचा आमच्या पणजोबांच्या वेळचा, जुन्या देवीचा. मुकुट ठेवला की देवीच्या भक्तांची, कानशीनं घासला की तुमची. बाळ तेच."

आईचे हात साच्यावरच थांबले. हे बोलणं तिचं होतं. घरात नवी सून आली, पाहुणा जेवायला बसला, की ती स्वतः हे सांगायची आणि सगळ्यांना हसवायची. पडद्याच्या अलीकडचं हसणं होतं ते. पलीकडे कधी जाऊ दिलं नव्हतं.

हात न धुताच ती बाहेर आली. बाईनं मूर्ती उचलली होती आणि मरियेच्या डोक्यावर, जिथं कानस फिरली होती तिथं, अंगठा फिरवत होती. मग तिनं मूर्ती हळूच काउंटरवर ठेवली.

"राहू द्या मग, मावशी."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. तोंडाला तोंड द्यायला आईनं आजवर कधी माघार घेतली नव्हती. पण बाई खाली बघून म्हणाली, जणू चोरी तिचीच सापडली होती. सगळ्या गल्लीत कुणापुढे मान न वाकवलेली आई काउंटरच्या लाकडाकडे बघत राहिली. साचा दर वेळी स्वच्छ धुऊन घेतो हो आम्ही, असं काहीतरी ती पुटपुटली, आणि स्वतःच्याच कानाला ते कसंसं वाटलं.

धाकट्याला आता कुठं उमजलं. कान लाल झाले. मला तसं म्हणायचं नव्हतं, सगळेच काही असं मानत नाहीत, असं तो सांगायला लागला. ऐकायला कुणी नव्हतं. बाई पिशवी उचलून पायरीपर्यंत गेली होती.

तिथं ती वळली.

"दादा, त्या आधीच्या गोष्टी सांगितल्यात ना. त्यातली बाळं जगली का?"

"हो," धाकटा म्हणाला.

"राजे मागे लागले तरी?"

"हो."

"सगळी?"

डोळे मिटून त्यानं एकेक गोष्ट आठवून पाहिली. परीक्षेलाही तो एवढा सावध बसला नसेल.

"सगळी."

बाई परत आली. मूर्ती पिशवीत न टाकता तिनं छातीशी धरली. मरियेच्या शालीचा रंग अजून ओला होता, बाईच्या कपड्याला निळा डाग पडला. तिनं पाहिलासुद्धा नाही. इस्पितळाच्या दिशेनं ती जवळजवळ पळतच गेली.

काउंटरवर रंगाचा एक ठिपका राहिला होता. धाकटा तो अंगठ्यानं पुसायला लागला. पुसावा तितका पसरत होता. आई त्याच्या शेजारी उभी होती, पण बघत होती रस्त्याकडे.

"एवढ्या गोष्टी सांगितल्यास," ती म्हणाली, "आणि बाळ जगलं, हे तिला विचारून घ्यावं लागलं आपल्याकडून."