मरळीचं कालवण

लालासाहेब सुट्टी संपवून परत लढाईवर गेला, तेव्हा त्याच्या आईनं, साळूबाईनं, जोतिबाला नवस बोलला होता, "माझं लेकरू घरला येईस्तोवर ह्या घरात मासा शिजायचा न्हाई."

पुढं सुनेला, तानूला, दिवस राहिल्याचं कळलं. मिरजेच्या डॉक्टरणीनं तिच्या पापण्या ओढून बघितल्या आणि म्हणाली, "अंगात रक्त नाही हिच्या. ताजा मासा चांगला शिजवून खाऊ घाला." बैलगाडीत बसल्यावर तानूच म्हणाली, "नगं आत्ती. त्येंच्या जिवापरीस मासा जास्त हाय व्हय?" साळूबाई नुसती तिच्या पोटाकडं बघत राहिली.

आज तानू विहिरीवरनं धुणं घेऊन आली, तर दारातच मरळ माशाच्या कालवणाचा वास. तिनं पिळे तिथंच टाकले आणि तशीच आत धावली.

"आत्ती, आलं व्हय त्ये? कवा आलं?"

त्याची ट्रंक कुठं दिसेना. सोप्यात मामंजी तारेचा कागद मुठीत धरून भिंतीकडं तोंड करून बसले होते.

 

साळूबाईनं ताट तिच्यापुढं सरकवलं. "आदी पोटभर जेव, बाय माझी. मग सांगते."