दोन रांगा

चुडाव्याच्या स्टेशनवर उतरून बबिता घरी न जाता थेट माळावर आली. बांधावर तिचे सासरे सूर्यभान घाम पुसत बसले होते. शेजारी पाठीवरचा फवारणीचा पंप. तीन वर्षांत ते माळाकडे फिरकले नव्हते. मुरमात झाडं लावणारी सून म्हणजे गावाला फुकटचा तमाशा, असं चारचौघांत सांगायचे.

"तू परभणीला गेलीस म्हणून बघायला आलो," ते म्हणाले. "एक बूड उकरलं, तर समदी मुळी बुरशीनं पांढरी! म्हणलं, पोरीची मेहनत वाया जायलीय. हळदीच्या बुरशीचं औषध उरलं व्हतं, सकाळधरनं ओतायलोय."

ती बुरशी बबितानंच आणली होती. ओढ्याकाठच्या जुन्या कडुलिंबांखालची माती घमेल्यानं वाहून, कुजलेलं पाचट आणि शेण घालून तिनं खड्ड्याखड्ड्यात मुरवली होती. त्या पांढऱ्या धाग्यांनी मुरमाच्या पोटातली ओल मुळांना पोचवली, म्हणून तर झाडं दोन उन्हाळे तगली. तिसरा आता कुठं सुरू झाला होता.

"मामा, ती बुरशी चांगली असती. तिच्यावरच झाडं जगायलीत."

सूर्यभान मनापासून हसले. "बुरशी आन् चांगली? तीस वर्षं हळद केली म्या!"

त्यांची बोटं औषधानं निळी झाली होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते तिच्या कामासाठी उन्हात राबले होते. या माणसावर रागवायचं तरी कसं, तिला कळेना.

"औषध सरलं. खालच्या दोन रांगा राहिल्या बघ," ते म्हणाले.

ती जवळजवळ पळतच खाली गेली. शेवटच्या बोरीच्या बुडाशी बसून तिनं पाचट सारलं. ओलसर मातीत पांढरी जाळी गच्च पसरली होती.

"हाय का गं तितं बुरशी?" बांधावरून हाक आली.

तिनं दोन्ही हातांनी पाचट पुन्हा वर ओढलं.

"न्हाई मामा. हितं काईच न्हाई."

"तरी बी उद्या औषध आणून ओततो," सूर्यभान पंप खांद्याला लावत मायेनं म्हणाले. "काळजी करू नगंस. मी हाय तवर तुझं एक बी झाड मरू देत न्हाई."