थोरल्या सुळक्याखाली

निळ्या पुठ्ठ्याची शाळकरी वही. वर कॉफीच्या कपाचा गोल डाग.

उणे शून्य पूर्णांक आठ. मार्च १९७४, तळाचं पाणी.

बोटाएवढा मासा, ध्रुवीय कॉड. पाणी कोमट होत गेलं की त्याची अंडी फुटत नाहीत.

स्टाइनारचं डावं मनगट. सतराव्या वर्षी कॉड वाळवायच्या मांडवावरून पडला तेव्हा मोडलं, वाकडंच जुळलं. हवा बदलणार असली की दुखतं.

पेडरच्या होडीवर बाईमाणूस चढत नसे. चढलं तर मासा खाली जातो, म्हणायचा.

मनगट तीन दिवस दुखत होतं आणि हवा काही बदलत नव्हती. चौथ्या दिवशी स्टाइनारने बापाची वही पावाच्या पिशवीत घातली आणि धाकट्या बहिणीच्या दारात जाऊन उभा राहिला.

योरुन समुद्राच्या तापमानाचा अभ्यास करायची. त्यांच्या ग्रोव्हिक गावासमोर, समुद्राच्या तळाशी एक खोल खड्डा होता. आजूबाजूचं पाणी तापत चाललं तरी हिवाळ्याची थंडी तिथे टिकून राहायची. ध्रुवीय कॉड आता तेवढ्यातच अंडी घालत होता. त्याला खायला मोठा कॉड जमायचा, आणि मोठा कॉड पकडायला स्टाइनार. तीस वर्षं त्याचं घर त्या खड्ड्यावर चाललं होतं. योरुनला तो मासेमारीला बंद करून हवा होता.

पण खड्डाही तापतोय हे दाखवायला जुने आकडे लागत. ते एकाच माणसाकडे होते. त्यांचा बाप पेडर दर खेपेला दोरीला थर्मामीटर बांधून तळाला सोडायचा; आकडा लिहायचा, जागा लिहायची. पेडरला जाऊन नऊ वर्षं झाली होती. दोन वर्षं योरुन वही मागत होती, दोन वर्षं स्टाइनार नाही म्हणत होता.

मग एके दिवशी दुकानात रांगेत उभा असताना त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

ग्रोव्हिकचा कुठलाच कोळी खरी जागा लिहीत नाही. जागा डोंगरावरून धरायची असते: चर्चचा मनोरा अमुक सुळक्याच्या बरोबर खाली दिसला की थांबायचं. पेडरने वहीभर ‘थोरल्या सुळक्याखाली’ लिहिलं होतं. खरी जागा धाकट्या सुळक्याखाली, अडीच मैल दक्षिणेला. स्टाइनार चौदा वर्षांचा असताना बापाने त्याला होडीवर, इंजिन बंद करून हे सांगितलं होतं.

योरुनला जागा वहीवरूनच कळणार. करू देत की बंद. थोरल्या सुळक्याखालचं रिकामं पाणी.

“आज सूर्य कुठून उगवला?” योरुनने दार उघडत विचारलं.

“दोन महिन्यांच्या रात्रीनंतर उगवलाय. त्याला तरी कुठं आठवतंय.” त्याने पिशवी पुढे केली. “घ्या डॉक्टरीणबाई. मोजा मासे.”

“मी पाणी मोजते. मासे तू मोजतोस. आणि कमीच सांगतोस.”

स्टाइनार जरा जास्तच मोठ्याने हसला.

ती उभ्याउभ्याच पानं उलटत गेली. पेडरचं अक्षर कोंबड्यांनी उकरल्यासारखं. अठ्ठ्याऐंशी सालच्या पानांवर तिचं बोट थांबलं. तिथले आकडे नीटस होते, ओळीत.

“आकडे खरे आहेत ना?”

“आकड्यांत खोटं लिहून बाबांना काय मिळणार होतं?”

“आणि जागा?”

त्याने मनगट चोळलं. “लिहिलंय की. तू जहाज नेऊन बघणार असशील.”

“जहाज ऑगस्टमध्ये मिळेल. बंदीची सुनावणी गुरुवारी आहे.” तिने वही मिटली. “जागा तुलाच दाखवली होती ना त्यांनी?”

“मग कुणाला? तू बसायचीस किनाऱ्यावर शिंपले वेचत.”

“हो,” योरुन म्हणाली. “कॉफी घेतोस?”

गुरुवारपर्यंत स्टाइनार घरात बसला नाही. न फाटलेलं जाळं त्याने दोनदा तपासलं. धक्क्यावर शेजारच्या होडीवाल्या आर्व्हिदने गाठलंच.

“बहिणीला वही दिलीस म्हणे? आता होडीवर काय, पाहुणे फिरवणार?”

“बहीण आहे.”

“मलाही आहे. मी तिला शिडीसुद्धा देत नाही.”

सुनावणीला सभागृह भरलं होतं. मागच्या टेबलावर वॉफल आणि तपकिरी चीज. शहरातून तीन अधिकारी आले होते. योरुनने पडद्यावर ठिपके दाखवले: चौऱ्याहत्तरला उणे शून्य पूर्णांक आठ, शेवटच्या खेपेला अधिक दोन पूर्णांक एक. प्रत्येक ठिपका पेडरचा. लाल पडलेल्या हातांत थर्मामीटर धरून, चष्मा कपाळावर ढकलून आकडा वाचणारा बाप स्टाइनारला दिसला. त्याला क्षणभर उठून उभं राहावंसं वाटलं. तो उठला नाही.

“खरं सांगायचं तर,” अधिकाऱ्यांतल्या बाई म्हणाल्या, “ही वही नसती तर आम्ही हा प्रस्ताव आज बाजूलाच ठेवणार होतो.”

“माझ्या भावाने दिली,” योरुन म्हणाली. लोकांनी माना वळवल्या. कुणीतरी टाळीही वाजवली. स्टाइनारने वॉफलचा मोठा तुकडा तोंडात घातला.

मग नकाशा आला. त्यावर तांबडं वर्तुळ, आणि वर्तुळापासून किनाऱ्यापर्यंत सरळ रेघ. रेघ चर्चच्या मनोऱ्यातून गेली, घरांवरून गेली आणि डोंगरावर जाऊन थांबली.

धाकट्या सुळक्यावर.

स्टाइनारने घास गिळला नाही. योरुन त्याच्याकडे बघत नव्हती. ती बाईंना सांगत होती की वहीतून तिला फक्त तापमानच हवं होतं.

१९८८ च्या हिवाळ्यात स्टाइनार मनगट मोडून सहा आठवडे इस्पितळात होता, तेव्हा पेडरच्या होडीवर दोरी ओढायला पंधरा वर्षांची योरुन होती.