कडक पंचा

व्हिडिओ कॉलवर अंकुरनं पंचा एका टोकाला धरून आडवा केला. तो फळीसारखा ताठ राहिला.

"बघ ना वं ताई. पापड झाला. आता तरी जाऊ दे."

काजल हसली नाही. इकडे नागपुरात, महालातल्या घरी, फेब्रुवारीतच पंखा लावावा लागला होता. आणि तिकडे हिमाचलात, ट्रेकच्या बर्फातल्या तळावर, तिचा भाऊ सकाळी सकाळी अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टात उभा होता.

काल तिनंच कुठंतरी वाचून त्याला सांगितलं होतं: झोपताना पंचा ओला करून तंबूबाहेर टांग. रात्री गोठून कडक झाला, तर दिवसा भिजलेला बर्फही पुन्हा घट्ट झाला असेल. मऊ राहिला, तर तळामागच्या त्या उतारावर पाऊल टाकू नकोस. सगळा थर एकदम सुटून येईल.

"मागं टपटप काय वाजून राहिलं?"

"झाडावरचा बर्फ गळून राहिला. ऊन आलं ना."

"ऊन तर तुह्या तोंडावर बी नाही अजून."

"तू पोलीस आहे का वं? सगळ्यांले दाखवला मी पंचा. हसले खूप. पण गाइड म्हणे, चला, नागपूरची परीक्षा पास. निघाले बी ते. तुह्यापायी मीच मागं राहिलो."

कणीक मळता मळता अनुसया फोनकडे वाकली. लेकाच्या हातातला पंचा पाहून खूश झाली.

"तुह्या बाबांच्या हातमागावरचा आहे तो. कोराच देल्ला मी. खळ बी नाही काढली."

काजलनं आईकडे पाहिलं. "खळ?"

"विणायच्या आधी सुताले पिठाची कांजी लावतेत ना वं. भिजून वाळला का कडकच होते तो. चार वेळा धुतल्याबिगर मऊ होत नाही."

काजलनं फोन जवळ घेतला. "अंकुर, पंचा मुठीत दाब. बर्फ असंल तर हात ओला होईल."

"काहून?"

"दाब म्हटलं ना."

त्यानं दाबला. कापड कुरकुरलं. तो बराच वेळ दाबून राहिला. मग त्यानं कॅमेऱ्यासमोर मूठ उघडली.

तळवा कोरडा होता.

त्याच्या मागे, पांढऱ्या उतारावर, पावलांची ओळ मध्यापर्यंत गेली होती. ओळीच्या टोकाला कुणीतरी वळून त्याला हात हलवून बोलावत होतं.