बिनविरोध

"हात वर करा. तोंडाने कुणी काही बोलू नका," सर म्हणाले आणि त्यांनी कपडे बदलायच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी व्हॉलीबॉलची अंतिम फेरी होती. प्रश्न एकच होता, कप्तानाला बाहेर बसवायचं का? कप्तान समोरच बाकावर बसली होती. तिची सख्खी बहीण याच टीममध्ये होती, म्हणून हिला सगळ्या मोठी म्हणत आणि तिला धाकटी. मत घ्यायचं मोठीनेच सुचवलं होतं.

"साखळीतले शेवटचे दोन सामने हरलो, गुणांवर कसंबसं अंतिम फेरीत आलो. माझे पास उशिरा येतात असं माझ्यामागे कुजबुजण्यापेक्षा तोंडावर ठरवा."

पहिला हात शिडीचा वर गेला. ती एवढी उंच, की तिने हात वर करायच्या आधी पंखा बंद करा, असं सगळ्या म्हणत. आज कुणी हसलं नाही. मग दुसरा हात वर गेला, तिसरा गेला. प्रत्येकीने आधी शेजारणीकडे बघितलं.

धाकटीला माहीत होतं, पास वेळेवरच येत होते. उडी तिची स्वतःचीच चुकत होती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलं आणि तिथेच बसून राहिलं. आपला हात कधी वर गेला, तिला कळलंही नाही. दात काढायला सुई दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसा तो हात वाटला.

मोठीने एकेकीकडे बघितलं. धाकटीकडे जरा जास्त वेळ.

"ठरलं तर," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्या जिंकल्या. चषक या हातातून त्या हातात फिरला. धाकटीला तो नुसता जड लागला.

परतताना दोघी बहिणी बरोबरच घरी निघाल्या.

"ताई, पास तुझे बरोबर होते," धाकटी म्हणाली. "चुकत मी होते."

"माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून."

"सगळ्यांचे हात वर होते गं. मी एकटी काय करणार होते?"

मोठी थांबली. "गेल्या सामन्यानंतर डॉक्टरांनी माझा खेळच बंद केलाय. गुडघा गेला. आज मी खेळणारच नव्हते. सरांना ठाऊक होतं."

"मग मत कशाला घेतलं?"

"नवी कप्तान निवडायला. जिचा हात खाली राहील, तिला करायचं ठरलं होतं."